तांब्यातली पांढरी जागा

आक्का गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायची.

कसबा बावड्यात पोवारांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. गल्ल्यावर तिचा धाकटा भाऊ, सम्राट. आक्का आतल्या बाजूला, स्टुलावर, रॅककडे तोंड करून. भांड्यांवर नावं घालायचं काम तिचं. विजेची पेन्सिल टेकवली की किर्र आवाज यायचा आणि लग्नाच्या कळशीवर कुणाचंतरी नाव उमटायचं. कुणी काही विचारलं तर ती मान न वळवता उत्तर द्यायची. पोवारांची संयोगिता माजलीय, असं लोक म्हणायचे.

मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा मराठीत बी.ए. होऊन घरी बसले होते. आईला डबा हवा होता. सम्राट डबे काढत होता तोवर मी उगाच एक चमचा हातात घेतला.

"त्यो चमचा खाली ठेव," आक्का म्हणाली. पाठ माझ्याकडेच होती.

"मी फक्त बघत होते."

"मीबी तेच करालोय," आक्का म्हणाली, बावड्यातल्या बायका बोलतात तसं पुरुषी क्रियापद लावून.

मग माझ्या लक्षात आलं. तिच्यासमोर घागरी, हंडे, पातेली, तांबे ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकाच्या पोटात अख्खं दुकान मावलं होतं, बारकं आणि वाकडं. कोण आलं, कुणी वाटी पिशवीत टाकली, कुणी तिच्या पाठीमागं तोंड वेंगाडलं, सगळं तिला दिसत होतं.

"मग बोलत का नाहीस?" मी पुढे कधीतरी विचारलं.

"कशाला? घेऊ देत की. मी बघितलंय, तेवढं बास हाय."

मी जात राहिले. नोकरी नव्हती, वेळ होता. तिला कुणी मैत्रीण नव्हती आणि माझ्या मैत्रिणी पुण्याला गेल्या होत्या. ती मला नावानं हाक मारत नसे. "ए बी.ए." म्हणायची. कधी "मराठीवाली." चहा मागवायची आणि वर म्हणायची, "पी. फुकटचा हाय, तोंड वाकडं करू नको. दिसतंय मला."

शाळेत तिला इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती. पुढं शिकायचं होतं. उचगावला लग्न लावून दिलं. वर्षाच्या आत ती परत आली. सोबत लग्नातली भांडी आणली. त्यांच्यावर सासरचं आडनाव होतं. कोरलेलं पुसता येत नाही. तिनं त्याच विजेच्या पेन्सिलीनं प्रत्येक आडनावावर रेघा ओढल्या. ती भांडी पोवारांच्या स्वयंपाकघरात अजून वापरात आहेत. आमटी वाढताना रेघांखालचं आडनाव स्पष्ट वाचता येतं.

दुपारी सम्राट जेवायला वर गेला की ती शटर अर्धं ओढायची आणि रंगांची पेटी काढायची. जलरंग. दुकानातल्याच वाटीत पाणी. समोर एखादं भांडं आणि त्यावर पक्षी.

पक्षी खरेच यायचे. दारात पराती टांगलेल्या असत. एक चिमणा रोज यायचा आणि परातीतल्या चिमण्याशी भांडायचा. चोच मारायचा, खाली पडायचा, पुन्हा उडायचा. सम्राट फडकं घेऊन धावायचा.

"घाण करालाय सगळी! गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"ऱ्हाऊ दे की रं. तुझ्यासारखाच हाय. समोर आपुनच हाय हे त्याला कळंना झालंय."

चिमणा ती तीन-चार फटकाऱ्यांत काढायची. छातीवरचा काळा डाग, तपकिरी पाठ, झालं. वेळ जायचा तो भांड्यावर. स्टीलला स्वतःचा रंग नसतो. शेजारी लाल बादली असेल तर ते लाल, दारात ऊन असेल तर पिवळं. आणि चमक म्हणजे कोरा कागद. ती पांढऱ्या रंगाची ट्यूब पेटीतसुद्धा ठेवत नसे.

"पांढरा लावायचा नसतोय," ती म्हणाली. "सोडायचा असतोय. एकदा रंग पडला की संपलं. पांढऱ्यावर रंग कवाबी येतोय, रंगावर पांढरा येत न्हाय."

भांड्याच्या पोटात काय काय दिसतं ते मात्र ती माझ्यासमोर रंगवत नसे. तेवढी ओळख मला अजून मिळालेली नव्हती, असं मी समजत होते.

गणपती झाल्यावर सम्राटनं सांगितलं. दिवाळीनंतर दुकान बंद. चष्मेवाला भाड्यानं येतोय.

"स्टील कोण घेतंय आता? सगळी ऑनलाइन मागवाल्यात. आक्का, तू वर बस निवांत."

"वर काय हाय? एक खिडकी, ती शेजाऱ्याच्या भिंतीवर. भांडी न्हाईत, चिमणा न्हाय. वर बसून मी काय काढू, तुझ्या बायकोच्या चपात्या?"

"मग तुझ्या चित्रांवर दुकान चालीव."

तो हे चिडून म्हणाला होता. मी ते उचललं. धनत्रयोदशीला लोक एखादं तरी भांडं घेतात. त्या दिवशी चित्रं दुकानातच लावू, भांड्यांच्या मधेमधे. सम्राटनं बराच वेळ मान खाजवली.

"गर्दी झाली तर दुकान ऱ्हाईल. माझा शब्द. पर गिऱ्हाईक हसत भाईर पडलं पायजे."

"हसंल की," आक्का म्हणाली.

चित्रं तिनं स्वतः लावली. मी झेंडूच्या माळा बांधत होते. सकाळपासूनच माणसं येऊ लागली. परातीवरचा चिमणा, घागरीवरचा बुलबुल, बादलीच्या काठावरचा कावळा, पाण्यानं भरलेल्या पातेल्यापाशी शेपटी हलवणारा धोबी पक्षी. पोरं बोटं दाखवत होती. "उडतोय काय की," एक म्हातारी म्हणाली. सम्राट गल्ल्यावरून उठून पेढे वाटत होता. आक्का नेहमीसारखी पाठ करून बसली होती.

शेजारच्या धोंडुबाई एका चित्रापाशी वाकल्या. कळशीवर बसलेली चिमणी होती. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"आगं बया! ही तर माझी हिरवी साडी!"

मागून बँकेतले विजयसिंह वाकले. "साडी तुमचीच हाय, मावशी. पर हातातली वाटी दुकानाची दिसतीया!"

दुकान खदखदून हसलं. कळशीच्या पोटात, अंगठ्याएवढ्या जागेत, हिरव्या साडीतली बाई पिशवीत वाटी सरकवत होती. मान तिरकी, नजर पाठमोऱ्या आक्कावर. धोंडुबाईच होत्या, सगळ्या.

"विजयसिंह," आक्का रॅककडे बघत म्हणाली, "तुमी कावळ्याच्या बादलीत हायसा. जीभ भाईर हाय बघा."

हसणं एकदम थांबलं. मग जो तो भांड्यांच्या पोटात शिरला. दरवर्षी तिळगूळ घेऊन येणारी बाई आक्काच्या पाठीमागं नाक मुरडत होती. आक्काच्या लग्नाची गोष्ट बोटांनी खुणा करून सांगणाऱ्या दोघी होत्या. कुणीच सुटलं नव्हतं. पक्षी वर आपापल्या कामात होते.

सम्राट बुलबुलापाशी थांबला. मीही वाकून बघितलं. घागरीच्या फुगीर बाजूत तो होता, हातात टेप. टेपचं दुसरं टोक एका चष्मा लावलेल्या माणसाच्या हातात. दोघं पाय न वाजवता दुकान मोजत होते. मध्ये आक्काचं स्टूल.

"हे कवा काढलंस?"

"आखाडात. तू मोजलंस तवाच. मला सांगितलंस गणपतीनंतर. तवर मी रोज तुला चहा दिला."

"घरचं भांडण भिंतीवर टांगलंस व्हय गं?"

"भिंतीवर न्हाय. रॅकवर."

धोंडुबाईंनी दारातली परात हिसकली. ती फरशीवर पडून बराच वेळ वाजत राहिली. "चोर म्हणतीस मला? नवऱ्यानं टाकली ती उगंच न्हाय!"

"टाकली न्हाय, मी आलतो," आक्का म्हणाली. "आणि वाटी वापरा आता उघड्यावर."

लोक बाहेर पडले, पण गेले नाहीत. रस्त्यावर उभे राहून ओरडू लागले. ज्यांनी चित्रं बघितली नव्हती ते आत शिरायला धडपडत होते. दुसरं कोण कोण आहे ते त्यांना बघायचं होतं.

त्या गोंधळात मी स्वतःला शोधलं. मी तर तिथं रोज होते. सगळ्यात लहान चित्र तांब्याचं होतं, काठावर चिमणा. तांब्याच्या पोटात गल्ला होता, दार होतं, सम्राटची पाठ होती. स्टुलाशेजारी, जिथं मी उभी राहायचे, तिथं कोरा कागद होता. चित्रातली सगळ्यात उजळ जागा.

"आक्का, मी?"

"तुला सोडलीया."

खोटं का बोलू, मला फार बरं वाटलं.

सम्राट आत आला. घामानं शर्ट चिकटला होता. त्यानं बाहेरच्या गर्दीकडे बघितलं. एवढी गर्दी त्या दुकानात कधी झाली नव्हती. त्याचा आवाज खाली आला.

"आक्का, मी शब्द मोडत न्हाय. गर्दी झाली. आता माणसं तेवढी पूस. पक्षी ऱ्हाऊ देत. गंमत हुती म्हणून सांगतो. दुकान ऱ्हाईल, तुझं स्टूल ऱ्हाईल." मग तो माझ्याकडे वळला. "तू सांग गं तिला. तुझं ऐकतीया ती."

मी विचार केला. स्टूल राहील, रॅक राहील, चिमणा येत राहील. ती काढत राहील. बारकी बारकी माणसं, तेवढीच जातील. मी तिच्या पेटीतला ब्रश वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि तिच्यापुढे धरला.

"आक्का, ओल्या ब्रशनं रंग उचलता येतो. थोडा डाग राहील. पण जागा राहील."

ती स्टुलावर फिरली. दुकानात तिनं माझ्याकडे तोंड केलेलं मी पहिल्यांदा बघत होते. जवळच्या भांड्यात दिसायचा त्यापेक्षा तिचा चेहरा लहान होता. तिनं ब्रशकडे बघितलं. मग माझ्याकडे. एक थेंब फरशीवर पडला.

"आमच्यात आमटी खाल्लीस न्हवं तू?" ती म्हणाली. "पुसलेलं कसं दिसतंय, बघितलंस की."

मग ती सम्राटला म्हणाली, "बोलीव तुझ्या चष्मेवाल्याला."

भांडी मोडीत गेली, किलोवर. चष्म्याचं दुकान झालं. तिन्ही भिंतींना आरसे आहेत. चिमण्याची सोय झाली. तो आता तिघांशी भांडतो आणि चष्मेवाल्याचा पोऱ्या त्याला हाकलून दमतो.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी वर गेले. सम्राटच्या बायकोनं दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. आक्का खिडकीपाशी बसली होती, दाराकडे पाठ करून. समोर शेजाऱ्याची भिंत. खिडकीत एकच तांब्या, तोच. शेजारी ते लहान चित्र टेकवलेलं.

पांढरी जागा भरली होती.

एक मुलगी उभी होती. डोकं बारकं, पुढं केलेला हात मोठा, तांब्यात दिसतो तसा फुगलेला. हातात ब्रश. ओढणी माझी होती. चेहऱ्यावर समजूत घालणारं हसू होतं. ते इतकं माझं होतं की मला ते आत्ताही चेहऱ्यावर जाणवलं. ब्रशच्या टोकाला एक थेंब होता. तेवढाच कागद कोरा सोडला होता.

मला अजून वाटतं की मी बरोबर सांगत होते. दुकान राहिलं असतं. हे मी तिला सांगायला आले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती.

"काय बघालीस?" ती तांब्याला म्हणाली.

"काही नाही."

"मग जा की. उजेड अडवालीस."

मी बाजूला सरकले. तांब्यात तीही मुलगी सरकली.