हलगी दार-ए-सलामला गेली तेव्हा

"थांबा, ऐकू द्या," असं म्हणून मामा हलगी कानाशी धरायचे आणि एका बोटानं हळूच टिचकी मारायचे. आवाज मनाजोगता आला, की डोळे मिटून मान हलवायचे. नाही आला, तर समोर मंत्री बसलेला असो की मुकादम, वाजवायचे नाहीत.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी कारकून होतो. मामा, सारा गाव त्यांना याच नावानं हाक मारायचा, तिथंच उसाच्या गाड्या रिकाम्या करायचे. गावात लग्न असो, पोळा असो, हलगी त्यांचीच. त्या काळी तुम्ही खेड्यात राहिला असाल, तर पुढचं सांगायला नको. वाजवणारा मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं आणि पंगतीला सगळ्यांच्या मागं. आमच्याही घरी त्यांचा कप वेगळा होता, वळचणीला खोचलेला. मी तो रोज बघायचो आणि रोज गप्प बसायचो.

सत्तरनंतरच्या दुष्काळी वर्षांत आमच्या कलापथकाला आफ्रिकेचं बोलावणं आलं. दार-ए-सलामला स्थायिक झालेल्या काही मराठी मंडळींनी ते धाडलं होतं. पथकाचे प्रमुख एक गुरुजी, पेटीवर मी, हलगीवर मामा, असे आम्ही अकराजण मुंबईहून बोटीत बसलो. मामांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. "लई पानी," ते म्हणाले, "आन आपल्याकडं घोटभर न्हाई."

प्रवासातल्या दमट हवेनं हलगीचं कातडं सैल पडलं. कार्यक्रमाला तासभर उरला असताना मामांनी टिचकी मारली, तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज.

"राहू द्या मामा," गुरुजी म्हणाले. "आज ढोलकीवर भागवू."

मामा हलगी घेऊन बाहेर गेले. बराच वेळ परतले नाहीत, म्हणून मी शोधायला निघालो.

सभागृहामागच्या अंगणात तिथले ढोलवाले बसले होते. त्यांचंही वादन होतं त्या संध्याकाळी. मधोमध नारळाच्या झावळ्यांचा जाळ, भोवती ढोल तापत ठेवलेले. आणि त्यांच्यात उकिडवे बसून मामा हलगी जाळावर फिरवत होते, गावी उसाच्या पाचटावर फिरवायचे अगदी तशीच. शेजारच्या उंच माणसानं हलगी मागून घेतली, कानाशी नेली, टिचकी मारली आणि नकारानं मान हलवली. अजून नाही. मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "बघा, याला कळतंय!"

तो जुमा. दोघांना एकमेकांचा एक शब्द समजत नव्हता. पण जुमानं ढोलावर एक ठेका धरला, मामांनी तो हलगीवर उचलला, वळवला, परत दिला. जाळाभोवतीची माणसं उठून उभी राहिली. गुरुजी धावत बाहेर आले ते रागावूनच, पण दारातच थांबले.

वाजवून दोघं घामाघूम झाले. जुमानं पेल्यातलं अर्धं पाणी पिऊन तोच पेला मामांपुढं धरला. मामांनी आधी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला आणि मान वर करवेना. मामांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

पुढचे तीन आठवडे जुमा सायकल मारत रोज यायचा. आम्ही प्रेक्षणीय स्थळं बघायचो, हे दोघं झाडाखाली वाजवत बसायचे. जुमा 'व्हय' म्हणायला शिकला. मामा 'पोले पोले' शिकले, म्हणजे सावकाश. निघायच्या दिवशी धक्क्यावर दोघांनी एकमेकांच्या काड्या बदलून घेतल्या.

परतीच्या बोटीवर मामा कठड्याशी उभे होते. "त्यानं माजी जात इचारली न्हाई," ते म्हणाले. "वाजवतो कसा, येवढंच बघितलं." मी म्हणालो, "मामा, माझं चुकत आलंय." त्यांनी नुसतं माझ्या खांद्यावर थोपटलं.

गावानं आमचा सत्कार ठेवला. आम्ही अकराजण, आणि मंडपात खुर्च्या दहाच. सरपंच म्हणाले, "मामा, पाव्हणे यायलेत. वाजवा की."

मामांनी हलगी खाली ठेवली. "आज न्हाई वाजवनार," ते शांतपणे म्हणाले. "आज मी बसनार."

मग गुरुजी स्वतःच्या खुर्चीवरून उठले, मामांना हाताला धरून तिथं बसवलं आणि आपण बाजूला उभे राहिले. सरपंचांनी थोडं थांबून हार उचलला.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखी हलगी मी पुन्हा ऐकली नाही. तरी ते आठवतात ते सत्काराच्या संध्याकाळचे: गळ्यात झेंडूचा हार, दोन्ही रिकामे तळवे गुडघ्यांवर, आणि साऱ्या गावाकडं सरळ बघणारी नजर.