चढ नसलेला किल्ला

दिल्लीची गाडी हलली तरी बाबा खिडकीचा गज सोडेनात. "वर्षभर कर नोकरी. मग गुमान परत ये," म्हणाले. मी मान डोलावली. साफ खोटी.

तेव्हा दिल्लीत परदेशी कंपन्यांची नवी ऑफिसं उघडत होती. त्यातल्याच एका कंपनीत मला नोकरी लागली आणि माझ्यामागे नवरा, सुहास, बदली मागून आला. तुम्हा पुण्याच्या मंडळींना ते अजून पचलेलं नाही, ठाऊक आहे मला.

बरोबर वर्षाने बाबा आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर हजर! खिशात, ते स्वतः शिकवायचे त्या पुण्यातल्या कॉलेजच्या नोकरीचा फॉर्म, सगळा भरलेला. फक्त माझी सही बाकी. "रविवारी दिल्ली बघतो, सोमवारी सही घेऊन निघतो."

रविवारी लाल किल्ला झाला, पुराना किल्ला झाला. दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस तो! "ह्याला किल्ला म्हणायचं? ऑटो थेट दारात येते. चढ कुठाय?" माझं डोकंच फिरलं. दिल्लीला नावं ठेवली की मला लागत होतं. वर्षभरात इतकी फितूर झाले होते मी.

"चला, चढ दाखवते," म्हणत सगळ्यांना तुघलकाबादच्या पडक्या किल्ल्यावर नेलं. ढासळलेले दगड, काटेरी झुडपं, डोक्यावर ऊन. माझी पाच वर्षांची मिनू पुढे पळत ओरडत होती, "आजोबा, थक गए क्या?"

"थकतोय कसला!" बाबा धापा टाकत म्हणाले. वर तटाच्या सावलीत दशम्या सोडल्या. "चढ आहे. मानलं," म्हणाले आणि खिशातून फॉर्म न् पेन काढलं. "आता कर सही."

"नाही करणार. तिकडे मी जन्मभर सरांची मुलगी. इथे टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे, बाबा. ती सोडून मी येणार नाही."

रडू फुटत होतं, तरी बोलले. बाबांनी दशमी संपवली, हात पुसले आणि फॉर्म खिशात ठेवला.

खाली ऑटोवाल्याने विचारलं, "कहाँ जाना है?"

"घर को," बाबा आपल्या हिंदीत म्हणाले.

"घर कहाँ है?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "इसको पूछो."

"मयूर विहार," मी म्हणाले, नको इतक्या जोरात.

बाबा आता नाहीत. तुमचे फोन मात्र अजून येतात, "घरी कधी येतेस गं?" अहो, घरीच आहे मी. तुम्हीच या. आणि बूट घालून या, चढ आहे.