बोलकं पान

काकूंच्या नाकावर राग असतो असं ऑफिसात सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण हा राग येतो कुठून, हे विचारायच्या भानगडीत आजवर कुणी पडलेलं नाही. शहराच्या बससेवेचं ऑफिस. वरच्या मजल्यावर, धूळ खात पडलेल्या केबलींच्या भेंडोळ्याशेजारी काकूंचं टेबल. कुठली बस कुठे पोचली, कुठला थांबा आज बंद आहे, हे लोकांना घरबसल्या ज्या यंत्रातून कळतं तो वेब सर्व्हर काकू सांभाळतात. त्यांनी लग्न केलं नाही, त्यामुळे खरीखुरी काकू त्या कुणाचीच नाहीत. केस पिकले तसं ऑफिसनंच परस्पर हे नातं लावून टाकलं आणि काकूंनीही कुरकुरत ते चालवून घेतलं.

घरी दोघंच, काकू आणि त्यांचा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना धाकट्याला असा काही ताप आला की उतरताना तो डोळे घेऊन गेला. आता तो एका हॉस्पिटलात आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करायचं काम करतो, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं तिथे कुणी नाही. जाताना एक बस बदलावी लागते. तो एकटा जातो, एकटा येतो. हे ‘एकटा’ त्याला फुकट मिळालेलं नाही बरं. सुरुवातीची कित्येक वर्षं काकू त्याला पोचवायला आणि आणायला जायच्या, आणि रोज वाटेत दोघांची जुंपायची. मी काय पार्सल आहे का, इथून उचललं आणि तिथे ठेवलं, असं तो भर रस्त्यात ओरडायचा. लोक बघायचे. त्याला ते दिसत नसे, काकूंना दिसायचं.

त्या भांडणातूनच बोलकं पान जन्माला आलं. बससेवेच्या वेबसाइटवर मोठा रंगीत नकाशा होता आणि त्यावर हलणारे ठिपके. डोळसांना कौतुक वाटावं असाच होता तो. पण धाकट्याचा फोन पानावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा. या नकाशापुढे त्याची दातखीळ बसायची. मग काकूंनी सर्व्हरला जोडायचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. अशा जोडणीला मॉड्यूल म्हणतात. नकाशाच्या कोपऱ्यातल्या एका बटणानं ते चालू व्हायचं आणि रंगीत पसारा बाजूला सारून साध्या ओळी पाठवायचं: अमुक बस, अमुक थांबा, येते आहे, गेली, थांबा आज बंद. परीक्षक अर्थातच धाकटा. पहिला मसुदा ऐकून तो म्हणाला, मला प्रवासवर्णन नकोय, बस कुठे मेली ते सांग. काकूंनी शब्द छाटले. त्यानं अजून छाटायला लावले. ज्या दिवशी तो पहिल्यांदा एकटा जाऊन एकटा परत आला, त्या दिवशी काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या आणि बाहेर येऊन त्याला म्हणाल्या, चप्पल जागेवर ठेव.

इतकी वर्षं ते पान बिनबोभाट चाललं. मग नवं मशीन आलं.

जुनं मशीन दमलं होतं, यात वाद नाही. नव्याचा ठेका दिला गेला. त्यावर वेबसाइट चालणार, तिकीटही तिथेच मिळणार. ठेकेदाराचा इंजिनिअर ऑफिसात येऊन बसला. काहीही विचारा, तो मान डोलावून म्हणायचा, होऊन जाईल. तेच त्याचं नाव पडलं. माणूस वाईट नव्हता, पण चालत्या गाडीला हात लावायचा नाही, ही त्याची शपथच होती. साहेबांनी जाहीर केलं की महिनाअखेर जुनं मशीन बंद. जे नव्यावर चढेल ते राहील, जे चढणार नाही त्यावर पाणी सोडायचं. हे बोलताना त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही, पण रोख कळण्याइतक्या काकू शहाण्या होत्या.

काकूंनी नव्या मशीनवर मॉड्यूल कम्पाइल केलं. म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला कळेल अशा रूपात बांधून घेतलं. एकही तक्रार न होता झालं. पण सर्व्हर सुरू करायला गेल्या तर तो जागचा हलेना. तुमच्या मॉड्यूलला हवं ते एक फंक्शन, म्हणजे एका कामाचा तयार तुकडा, मला सापडत नाही, एवढंच म्हणे. दहा वेळा म्हणा, तेच उत्तर.

आता हे काय प्रकरण आहे ते समजून घ्या, अवघड नाही. प्रत्येक प्रोग्राम सगळं स्वतः करत नाही. मजकुराचे तुकडे करणं, ते जुळवणं अशी कामं दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार लायब्ररीकडून करून घेतो. या लायब्ररीची यादी वेगळ्या फायलीत असते, तिला हेडर म्हणतात. यादी बघून मॉड्यूल बांधायचं आणि चालवताना खरी लायब्ररी हाताशी घ्यायची. घोळ असा की लायब्ररीच्या नव्याजुन्या आवृत्त्या निघत राहतात. नव्या मशीनवर एक नवी होती, आणि होऊन जाईलनं त्याच्या तिकिटाच्या मॉड्यूलसाठी आणलेली एक जुनी होती. म्हणजे मेनूकार्ड एका हॉटेलचं आणि स्वयंपाकघर दुसऱ्याचंच. काकू नव्या यादीतलं मागत होत्या, आत जुना आचारी उभा.

काकूंनी सरळ सांगितलं: तिकिटाचं मॉड्यूल नव्या लायब्ररीवर बांधा, जुनी काढून टाका, मशीनवर एकच आवृत्ती राहू दे. होऊन जाईलनं कानावर हात ठेवले. तिकिटं चालतायत, मी त्यांना बोट लावणार नाही, म्हणाला. पण माणूस मदतीला तयार. दुपारी काकू जेवायला गेल्या तेव्हा त्यानं कुठून तरी तिसऱ्याच आवृत्तीची हेडर शोधून आणली, तिच्यावर काकूंचं मॉड्यूल बांधलं, जुन्या लायब्ररीला नव्या नावाची लिंक मारली, म्हणजे जुन्याच फायलीवर नव्या नावाची पाटी लावली, अडलेल्या फंक्शनच्या जागी त्याचं जुनं भावंड बसवलं आणि सर्व्हर सुरू केला. झाला की सुरू. बोलकं पान आलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं, टाळ्या झाल्या, पान लोकांसाठी खुलं झालं, काम पूर्ण झाल्याचा कागद काकूंपुढे सरकवला गेला.

आपण जेवून येईपर्यंत हे जमलं कसं, हे काकूंना खटकलं होतं. पण पान तर डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं होतं. माझा घरचा परीक्षक पास करू दे, मग सही, असं म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवला. घरी येऊन धाकट्याला म्हणाल्या, उद्या नव्या पानावर जा, वापरून बघ.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात पोचलाच नाही. बस बदलायचा थांबा रस्ता खणल्यामुळे बंद होता. जुन्या पानानं ‘थांबा आज बंद’ म्हणून त्याला पुढच्या थांब्यावर पाठवलं असतं. नव्या पानानं बस येते आहे, येते आहे, असं सांगत ठेवलं. तो उन्हात उभा राहिला. आजूबाजूला गाड्यांचा आवाज, खणायच्या यंत्राचा आवाज, आणि कुणाला विचारावं तर जवळ माणूस नाही. शेवटी एका मजुरानं त्याला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला आणि रिक्षात बसवून घरी पाठवलं. हाताला धरून.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा तो खुर्चीत बसला होता. चेहरा उन्हानं रापलेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला,

“ताई, उद्यापासून मला पोचवायला येशील का?”

इतक्या वर्षांच्या भांडणात तो जे कधी बोलला नव्हता, ते आज आपण होऊन बोलला होता. आणि तिथे उभं राहायला त्याला पाठवलं कुणी? त्यांनीच. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय होतं ते त्या दिवशी त्यांना कळलं.

सकाळी ऑफिसात गेल्या त्या थेट मशीनवर बसल्या. कुठला प्रोग्राम कुठल्या लायब्ररीच्या जिवावर उभा आहे ते सांगणारी एक आज्ञा असते. ती त्यांनी चालवली. सगळं बाहेर आलं. यादी तिसरीच, लायब्ररी जुनी, वर नाव नवं. त्या तिसऱ्या यादीत माहितीच्या कप्प्यांची जागा थोडी सरकलेली होती. मॉड्यूल ‘बंद’ हा शेरा वाचायला एका कप्प्यात हात घालत होतं, आणि शेरा होता शेजारच्या कप्प्यात. हाताला काही लागलं नाही की ते समजायचं, थांबा चालू आहे. तक्रार नाही, बिघाड नाही, नुसतं शांतपणे खोटं.

काकू तो सहीचा कागद घेऊन साहेबांकडे गेल्या आणि कोराच त्यांच्या टेबलावर ठेवला. जे झालं ते सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, वाईट झालं म्हणाले, आणि मग म्हणाले की एका शेऱ्यासाठी सगळं अडवून कसं चालेल.

“आणि ते पान वापरतात तरी किती जण हो, काकू?”

काकू वळल्या. जागेवर आल्या आणि बोलक्या पानाच्या अगदी वर एक ओळ घातली: या पानावरची माहिती चुकीची असू शकते, विसंबून राहू नका, खात्रीसाठी या नंबरवर फोन करा. खाली नंबर दिला. साहेबांच्या टेबलावरचा.

पहिला फोन आला तेव्हा साहेबांना वाटलं, राँग नंबर. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि रीघच लागली. कुणी पियानो शिकवायला निघालेलं, कुणी कोर्टात, कुणी नातीच्या शाळेत. साहेबांना कुठल्या बसचं काय ठाऊक असणार! ते फोनवर हात ठेवून हॉलभर विचारत सुटले. जेवणाचा डबा तसाच राहिला. होऊन जाईल खुर्चीत अंग चोरून बसला होता. शेवटी साहेब तणतणत काकूंसमोर आले: तो नंबर आत्ताच्या आत्ता काढा.

“मॉड्यूल नीट झालं की निघेल.”

“काकू, हे तुमच्या नोकरीवर येईल.”

“येऊ दे. मी जाईपर्यंत फोन मात्र तुम्हीच उचला. किती जण वापरतात ते मोजता येईल.”

तेवढ्यात परत घंटी वाजली. साहेब पाय आपटत गेले. या वेळी पलीकडे कुणी म्हातारी बाई होती. ती म्हणाली, बस खरोखर येईपर्यंत फोन ठेवू नका, मागच्या वेळी पान येते येते म्हणत राहिलं आणि मी तिथेच बसून राहिले. साहेब कंटाळून रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. ती आपली बोलत होती, मुलगा परगावी असतो, कुणावर भार नको म्हणून एकटीच फिरते. ते ऐकताना साहेबांचा आवाज उतरत गेला. बस आली, ती चढली, तिनं आशीर्वाद दिला. साहेबांनी रिसीव्हर ठेवला. मग बाहेर येऊन होऊन जाईलला म्हणाले, तुमचं तिकिटाचं मॉड्यूल परत बांधायला घ्या.

होऊन जाईलनं तोंड वाकडं केलं, पण बसला. तिकिटं एक अख्खी दुपार बंद पडली आणि साहेबांचा जीव टांगणीला लागला. काकू जुनी लायब्ररी काढून टाकायच्या आणि सर्व्हर परत सुरू केला की ती पुन्हा हजर. काकू रडकुंडीला आल्या. तेव्हा होऊन जाईल घसा खाकरत म्हणाला, ती माझीच एक आपोआप चालणारी स्क्रिप्ट परत ठेवते, मीच तसं लिहिलंय. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं स्क्रिप्ट तिथल्या तिथे खोडली. मग मशीनवर एकच आवृत्ती उरली, दोन्ही मॉड्यूल तिच्याच यादीवर बांधली गेली, आणि यादी व लायब्ररी जुळत नसेल तर सर्व्हरनं सुरूच होऊ नये अशी तपासणी काकूंनी वर ठोकून दिली. बंद थांबा पानावर बंद दिसला. काकूंनी वरची ओळ काढली, नंबर काढला, आणि मग कागदावर सही केली. साहेब सहीकडे बघत एवढंच म्हणाले की फार वापरतात हो. काकू म्हणाल्या, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा निघाला. काठी घेतली, फोन खिशात टाकला. काकूंनी गुपचूप पिशवी उचलली, दाराशी येऊन चपला पायात सरकवल्या. म्हणाल्या, आज मलाही त्या बाजूला काम आहे, आणि तूच तर म्हणाला होतास पोचवायला ये म्हणून. थापच होती. जगाशी भांडून आलेली बाई, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

धाकटा दारात थांबला.

“ताई, पान बरोबर आहे ना?”

“आहे.”

“मग चप्पल काढ.”

साहेबांना, ठेकेदाराला, कुणाकुणाला न जुमानलेल्या काकूंनी चपला काढल्या आणि जागेवर ठेवल्या. जिन्यावर काठीची टकटक खाली खाली गेली, फाटक वाजलं, आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.