हरिण आपणहून पडतं

खुर्चीवाल्याने जन्मभर लोकांच्या बसण्याची सोय केली आणि स्वतः गुडघ्यांवर राहिला. जुन्या खुर्चीतला काथ्या उपसायचा, पट्टे ताणायचे, नवं कापड ठोकायचं, सगळं जमिनीला गुडघे टेकून. शेवटी उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. ही बातमी त्याने घरात कळू दिली नाही, कारण जमातीचा नाच तोंडावर आला होता आणि नाचात हरिण तो होता.

नाच असा, की शिकारी बाण सोडतो आणि हरिण पडतं. मग सगळे रांगेने येऊन त्याच्या कानात सांगतात, वर्षभरात काय मिळालं, आणि उपकार मानतात. हरणाने बोलायचं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याला उचलायचं. बाहेरचे पाहुणे याला शिकारीचा नाच म्हणतात. बाण सुटेपर्यंत ते थांबतात, रांग लागली की निघतात.

शिकारी होता त्याचा मेहुणा, आणि मेहुण्याचा डोळा हरणाने डोक्याला बांधायच्या शिंगांवर.

"दाजी, लंगडताय का?"

"चप्पल चावते."

"तुम्ही अनवाणी आहात, दाजी."

शिंगं गेली तर आपण नुसते खुर्चीवाले उरणार, ही धास्ती त्याने गुडघ्याइतकीच लपवून ठेवली होती.

नाचाच्या दिवशी गोदामामागच्या मोकळ्या जागेत ढोल रंगात आला, हरणाने उडी घेतली आणि गुडघ्याने साथ सोडली. खुर्चीवाला आडवा. बाण अजून सुटलाच नव्हता. मेहुणा तो ताणून तसाच उभा राहिला, गाडी सुटल्यावर फलाटावर पोचलेल्या माणसासारखा.

गाणाऱ्या म्हाताऱ्या आत्याने मात्र सूर सोडला नाही. मधली कडवी गिळून तिने थेट शेवटचं धरलं. रांग लागली.

खुर्चीवाला डोळे मिटून शरमेने गार पडला होता. कानाशी शब्द येत राहिले. कुणाच्या पोराचा ताप उतरला होता, कुणाची अबोला धरलेली बहीण पुन्हा बोलायला लागली होती. मग बायको वाकली. घरी ती त्याला 'अहो' म्हणे, पण हरणाला सगळे 'तू'च म्हणतात.

"गुडघा गेलाय तुझा, ठाऊक आहे मला. बाटलीतलं तेल काय आपोआप आटतं? पण तू आहेस. तेवढं पुरे."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की एवढी वर्षं आपण आभार ऐकतोच आहोत. सांगायची पाळी कधी आलीच नाही. हरणाने कुणाच्या कानात सांगायचं?

त्याला उचलून उभं केल्यावर मेहुण्याने विषय काढलाच. "आत्या, दाजी बाणाआधी पडले. असं चालतं?"

"पूर्वी असंच होतं," आत्या म्हणाली. "हरिण आपणहून पडायचं, म्हणून तर उपकार. ओढून आणलेल्याचे कसले उपकार? बाण मागाहून घातलाय, शिकाऱ्याच्या घरचे रुसले म्हणून. शिंगं याचीच."

म्हणजे खुर्चीवाल्याला हवं ते मिळालं. त्याने शिंगांचा पट्टा सोडला, ती मेहुण्याच्या डोक्यावर ठेवली आणि सवयीने पट्टा ताणून बसवला.

"दाजी, तुमचीच म्हणाली ना आत्या?"

"म्हणून तर देता येतायत. माझे इतक्या वर्षांचे आभार तुंबलेत. आता तू पडत जा, मी रांगेत उभा राहतो."

मेहुण्याने मान हलवून पाहिली. शिंगं दिसतात त्याहून जड होती.

"सगळे एकदम सांगू नका, दाजी," तो म्हणाला. "जमीन गार असते."