लाल पेन्सिलीच्या दोन रेघा

उत्तमराव तायडे सरांची पहिली भेट रिसोडला, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. मी नवाकोरा विज्ञान शिक्षक. समोर एक गृहस्थ परीक्षानळ्या धूत होते. मी त्यांनाच मुख्याध्यापकांची खोली विचारली. त्यांनी हात पुसले, मला खोलीत नेऊन बसवले आणि मग मुख्याध्यापकांच्या खुर्चीत स्वतः बसले.

प्रात्यक्षिक वह्या सर स्वतः तपासत. ‘अनुमान’ या मथळ्याखाली प्रयोगातून न निघालेले काही आढळले, की त्यावर लाल पेन्सिलीची रेघ. नववीतली शेवंता किन्हीराजा गावची. मावशीकडे राहून शिकायची. अर्ध्या झाकलेल्या पानावर आयोडीन टाकण्याच्या प्रयोगात तिने लिहिले, “उजेड मिळाला तिथेच पिष्ट तयार झाले. ही देवीची कृपा.” सरांनी दुसरे वाक्य खोडले.

मला चेव आला. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला ‘अनुमाना’त पुढचे वाक्य लिहायला सांगितले, “यावरून देव नाही हे सिद्ध होते.” शेवंता लिहीना. मी तिला वर्गाबाहेर उभे केले. तिसऱ्या दिवशी तिचे वडील एसटीने आले आणि दाखला मागू लागले.

“पोरीले देव सोडाले लावता, त अशी शाळा नाही पाह्यजे मले.”

दाखला गेला असता, तर त्या मुलीचे शिक्षण तिथेच संपले असते. सरांनी वर्गाच्या सगळ्या वह्या मागवल्या आणि वडिलांसमोर एकेका वहीतले माझे वाक्य खोडले. मग शेवंताची वही त्यांच्यापुढे ठेवली.

“दादा, तिचं बी खोडलं, आमचं बी खोडलं. पानात जेवढं दिसलं तेवढंच लिहाचं. देवी आहे का नाही, हे आयोडीन टाकून समजत नाही. चूक आमची झाली.”

‘आमची’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वडिलांनी वही मिटली आणि ते दाखला न घेता गेले.

मी मात्र धुमसत होतो. शाळा सुटल्यावर सरांना म्हणालो, की तुम्ही भाविक आहात म्हणून माझे वाक्य खोडलेत. सर हसले.

“आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली. मी कोणताच देव मानत नाही. पण कारण शोधताना देवाले मधात आनाचं नाही, ही आपली कामाची रीत. देव नाहीच, हे आपलं मत. रीत वर्गात शिकवा, मत शिकवू नका.”

म्हणजे सरांनी वहीमागून वही खोडले ते त्यांचे स्वतःचे मत होते. मला भारी लाज वाटली. त्या दिवशी मी विज्ञान शिकवायला शिकलो, आणि ते ऋण मी आनंदाने मिरवतो.

शेवंता आता अकोल्याला बी.एस्सी. करते आहे. सरांच्या साठीनिमित्त मी हा लेख लिहितो आहे, तर तिने त्यांच्या आयुष्यासाठी देवीला नवस बोलला आहे आणि सरांना सांगू नका, असे पत्रात बजावले आहे. मी नवस बोलत नाही. पण सरांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभावे, हे तिच्याइतकेच मलाही मनापासून वाटते. हे मी ‘अनुमान’ या मथळ्याखाली लिहीत नाही, तेव्हा सरांनी कृपया पेन्सिल खाली ठेवावी.