बाबांचं प्रभुभोजन

काल मुलुंडच्या चर्चमध्ये शेजारच्या बाकावरून चुना-तंबाखूचा वास आला आणि मला बाबांचं शेवटचं आजारपण आठवलं.

ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपरला एका खोलीत राहायचो. अंथरुणाला खिळलेल्या बाबांनी प्रभुभोजन मागितलं, म्हणून चर्चचे पाळकसाहेब येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले. मी भडकलेच.

"साहेब, वीस वर्षं हे चर्चची पायरी चढले नाहीत! मी एक रविवार चुकवला नाही, कधी सिनेमा पाहिला नाही. यांना आधी तंबाखू तरी सोडू द्या ना!"

पाळकसाहेबांनी बाबांना एवढंच विचारलं, "येशूवर विश्वास आहे?"

"आहे. दुसरं काहीच नाही माझ्याकडे."

आणि साहेबांनी खरंच भाकरीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग ताट माझ्यापुढे आलं. मनात एवढा राग असताना ते घ्यायचं नसतं, हाही नियम मला पाठ होता. मी मान वळवली.

"घे गं," बाबा म्हणाले. "नियमाने मिळत असतं, तर आज तुलाही नसतं मिळालं."

मी धुसफुसतच घेतलं. त्या दिवशी आम्ही दोघंही फुकटच घेत होतो, हे कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले.