रक्त हीसुद्धा ऊतीच

ऊतींचा धडा आला की शेंडे मॅडम स्वतःच्या गुडघ्यांचा एक्स-रे वर्गाच्या खिडकीला चिकटपट्टीने लावत. "हे पाहा, माहे गुडघे. दोन हाडांच्या मधात कास्थी राहते, गादीसारखी. माह्याकडं ते उरलीच नाही. पुस्तकात असं चित्र भेटणार नाही तुमाले." पोरं हसायची. मॅडम मात्र टेबलाला धरून पुढच्या मुद्द्याकडे वळत.

आमची शाळा पवनीजवळ, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठलेल्या आणि माळावर नव्याने वसलेल्या एका गावात. मी गणिताची, मॅडम विज्ञानाच्या. विज्ञानाची दुसरी जागा कित्येक वर्षं रिकामी, म्हणून दोन्ही तुकड्या एकाच खोलीत कोंबून त्या शिकवायच्या. मधल्या सुट्टीत खिचडीचं वाटप, शाळा सुटल्यावर ऑनलाइन माहिती भरणं. एसटी पकडायला रस्त्यापर्यंत चालताना दोनदा थांबत. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला की म्हणत, "राहू दे वं. थकली म्हणाचं अन् चालत राहाचं."

त्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत नववीतली प्रणाली सारखी गैरहजर असायची. आली तरी प्रार्थनेला खाली बसायची. आम्ही सगळेच तिला कामचुकार म्हणायचो. मीही एकदा तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. एके दिवशी मॅडम फळ्यावर 'रक्त : संयोजी ऊती' लिहून वळल्या, तर प्रणालीचं डोकं बाकावर.

"काहून वं, काय झालं?"

"हाडं दुखून राहिले, मॅडम. आतून."

मॅडमनी खडू ठेवला. तिला दाराशी उजेडात नेऊन डोळे पाहिले. पिवळसर होते.

स्टाफरूममध्ये त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मागं एक पोरगी असंच म्हणे. आतून दुखते म्हणे. बहाणे करते समजून मी तिले तासभर उभं ठेवलं. दिवाळीनंतर गेली ते. सिकलसेल होता, मागून समजलं. वर्षानुवर्षं रक्ताची ऊती शिकवत होती मी, अन् समोर बसलेलं रक्त मले दिसलं नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी प्रणालीच्या घरी गेलो. तिची आई नुकतीच भाताच्या बांधीतून आलेली, पाय चिखलाने भरलेले, हातात विळा.

"रोवणी आली का हिचे पाय दुखतेत," ती म्हणाली. "नाटकं करते, मॅडम."

"नाटक नाही बाई. रक्त तपासून पाहू."

प्रणालीचे वडील आतूनच बोलले, "बिमारीचं नाव फुटलं त लगन कोण करीन तिच्यासंगं?"

मॅडम ओसरीवर खाली बसल्या. आईच्या हातातला विळा मागून घेतला. "आपल्या रक्तातल्या पेशी गोल राहतेत. या बिमारीत त्या अशा होतेत, वाकड्या. वाकड्या झाल्या का बारीक नसांत अडकतेत. मंग हाडाले रक्त भेटत नाही. तेव्हा हाड दुखते, दादा. कामाचा कंटाळा म्हणून नाही."

निघायची वेळ झाली तेव्हा मॅडमना उठताच येईना. आईने त्यांच्या हातातला विळा बाजूला ठेवून त्यांना दोन्ही बगलांना धरून उभं केलं.

"तुमचेच पाय चालत नाहीत. कायले आल्या एवढ्या दूर?"

"मागच्या वेळी नाही गेली ना मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी थांब्यावर उभ्या होत्या. मॅडम आणि मी सोबत निघालो; भंडाऱ्याच्या दवाखान्यात दोन फेऱ्या झाल्या. निदान तेच निघालं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, पाणी भरपूर प्यायला आणि अंगमेहनत टाळायला सांगितलं. "पूर्ण बरं होणार नाही, पण सांभाळता येईल," ते म्हणाले. परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर पाहत रडत होती. मॅडम तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेल्या होत्या.

पुढे त्या रोज हजेरी घेताना विचारत, "गोळी घेतली?" प्रणाली मान हलवायची. तरी अधूनमधून दुखणं यायचंच. दोनदा भरतीही करावं लागलं. मॅडम म्हणत, "आपल्या हातात विचारणं आहे, तेवढं करू." वडिलांनी मात्र पुढच्या वर्षी स्वतःहून तिला रोवणीतून वगळलं.

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी प्रणालीची दहावीची परीक्षा संपलेली होती, तरी ती आली. दुपारी तीनचा कार्यक्रम होता. हार आणले होते, मंडपात पोरं बसली होती. मॅडम मात्र स्टाफरूममध्ये वह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चष्मा तसाच.

मुख्याध्यापक उठवायला निघाले. दारात प्रणाली उभी होती.

"झोपू द्या ना, सर," ती हळूच म्हणाली. "आज मॅडमले कोणत्याच तासाले जायचं नाही."

सर दारातूनच मागे वळले. मग आम्ही हार पुन्हा टोपलीत ठेवले आणि मंडपात पोरांजवळ जाऊन बसलो.